हाल्बटॅक्स कार्ड: दोन वर्षं वापरल्यावर

स्विस सीमेवरच्या बाझलमध्ये मोठी स्टेशनं दोन. बाडिशर बानहोफ आणि बाझल एसबीबी (एसबीबी म्हणजे स्विस सरकारी रेल्वे). दोन्ही स्विस जमिनीवरच उभी आहेत, पण पहिलं जर्मन रेल्वेचं. १८५२ मध्ये तेव्हाच्या बाडन राज्याने स्वित्झर्लंडशी केलेला करार अजून चालू आहे, त्यामुळे बाडिशर बानहोफच्या फलाटापर्यंत माझं जर्मन मासिक तिकीट चालतं. तिथून पुढे पाच-सहा मिनिटांचा प्रवास, ऱ्हाइनवरचा पूल, आणि दुसरं स्टेशन. मी राहते जर्मनीतल्या फ्रायबुर्गला, काम करते बाझलच्या एका प्रयोगशाळेत. रोज सीमा ओलांडून कामाला जाणाऱ्यांना इथे ग्रेन्त्सगेंगर म्हणतात. मी आठवड्यातले तीनच दिवस जाते, म्हणजे अर्धीमुर्धी ग्रेन्त्सगेंगर म्हणा.

हा लेख त्या पाच-सहा मिनिटांपलीकडच्या सेवेचा आहे. नेमकं सांगायचं तर हाल्बटॅक्स या कार्डाचा. हाल्ब म्हणजे निम्मा, आणि टॅक्सचा इथे अर्थ भाडं. सरकारी कराशी काही संबंध नाही. माझ्या नवऱ्याला हे पटायला एक आठवडा लागला.

मी घेतलं तेव्हा वर्षाला १९० फ्रँक होते. दुसऱ्या वर्षी जुन्या ग्राहकाला १७०. या पैशात काय मिळतं? देशभर जवळजवळ सगळीकडे निम्मं भाडं. रेल्वे, पिवळी पोस्टाची बस, शहरातल्या ट्रामगाड्या, तळ्यांतल्या बोटी, बऱ्याचशा डोंगरी रेल्वेसुद्धा. हिशोब सोपा आहे: वर्षभरात पूर्ण दराने ३८० फ्रँकांपेक्षा जास्त प्रवास होणार असेल तर कार्ड घ्या. बाझल ते झुरिक एकेरी भाडं साधारण ३५ फ्रँक धरलं, तर सहा वेळा जाऊन आलात की पैसे वसूल. मला कामासाठी महिन्यातून दोनदा झुरिकला आणि अधूनमधून बर्नला जावं लागतं. माझे पैसे तिसऱ्या महिन्यातच फिटले.

मुलगी सात वर्षांची. तिचं वेगळं कार्ड आहे, वर्षाला ३० फ्रँकचं. आई किंवा बाबा बरोबर असले की ती फुकट. दुमजली इंटरसिटीत एका डब्याच्या वरच्या मजल्यावर लहान मुलांना खेळायची जागा आहे, घसरगुंडीसकट. धावत्या गाडीत घसरगुंडी ठेवायची कल्पना पहिल्यांदा कोणी मांडली असेल आणि बैठकीत तिला कोणीच कसं नाही म्हटलं नसेल, याचं मला आजही नवल वाटतं. आता बर्नला जायचं म्हटलं की तिला बर्नचं काही पडलेलं नसतं.

तिकीट काढायचं एसबीबीच्या अ‍ॅपवर. त्यात ईझीराइड नावाची सोय आहे. गाडीत चढताना फोनवर बोट एका बाजूला सरकवायचं, उतरल्यावर उलट बाजूला. मध्ये बस बदला, ट्राम बदला, बोटीत बसा. अ‍ॅप तुमचा माग ठेवतं आणि भाडं काढतं. कोणत्या विभागाचं कोणतं तिकीट हा विचारच उरत नाही. एकदा लुझर्नला मी उतरल्यावर बोट सरकवायचंच विसरले आणि तळ्याकाठी आरामात फिरत होते. फोननेच आठवण केली. चूक माझी, पण पैसे वाचले.

इथपर्यंत हे चांगल्या उत्पादनाचं चांगलं परीक्षण झालं. पण कार्ड स्वस्त आहे म्हणून मी ते वापरत नाही. कोणतीही स्विस वस्तू स्वस्त असते असं म्हणणाऱ्याने तिथल्या स्टेशनवर एकदा कॉफी घेऊन बघावी. मी ते वापरते ते वेळापत्रकासाठी. आणि वेळापत्रकाबद्दल बोलायचं तर मी जिथे राहते त्या देशाबद्दल बोलावंच लागतं.

बर्नच्या स्टेशनवर घड्याळात पूर्ण तास व्हायला तीन-चार मिनिटं कमी असताना उभं राहा. झुरिकची गाडी आत येते. बाझलची येते. पश्चिमेकडची येते, आल्प्सकडची येते. तास पुरा होईपर्यंत फलाटांवर नुसती माणसांची अदलाबदल चाललेली असते, आणि नंतरच्या काही मिनिटांत एकेक करून सगळ्या गाड्या निघून जातात. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. सुरुवातीला गाडी बदलायला मिळालेली सहा मिनिटं अ‍ॅपवर बघून माझ्या पोटात गोळा यायचा. मी धावत सुटायचे. आजूबाजूला कोणीच धावत नाही हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लक्षात आलं. आता मी चालते.

हे जमतं कसं, तर उलटा विचार केल्यामुळे. गाठीच्या स्टेशनांवर सगळ्या गाड्या एकाच वेळी भेटायला हव्यात, हे आधी ठरलं. मग दोन गाठींमधलं अंतर एका तासाच्या किंचित आत कापलं जायला हवं. झुरिक ते बर्न प्रवासाला पूर्वी तासाहून जास्त वेळ लागायचा. तो ५६ मिनिटांवर आणायचा होता, म्हणून माटस्टेटन ते रोथ्रिस्ट असा ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला. त्यावर गाडी ताशी २०० किलोमीटरने धावते. ३०० का नाही? कारण ४० मिनिटांत पोचून बर्नला वीस मिनिटं बसून राहण्यात काय अर्थ? शक्य तितक्या वेगाने जायचं नाही, गरज आहे तितक्या वेगाने जायचं, असं त्यांचं सूत्र. या सगळ्या योजनेचं नाव बान २०००. डिसेंबर १९८७ मध्ये लोकांनी सार्वमतात ५७ टक्क्यांनी ती मंजूर केली आणि मुख्य टप्पा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाला. नावातल्या सालापेक्षा चार वर्षं उशिरा, हेही सांगायला हवं. स्विस माणूस स्वतःहून सांगणार नाही.

गंमत अशी की दर तासाला ठरलेल्या मिनिटाला गाडी ही स्विस कल्पनाच नव्हे. नेदरलँड्सने ती १९७० मध्ये देशभर लागू केली. जर्मनीने १९७९ मध्ये इंटरसिटी गाड्या दर तासाला सोडायला सुरुवात केली, म्हणजे स्विसांच्या तीन वर्षं आधी. स्विसांनी १९८२ मध्ये केली, पण मोठ्या शहरांपुरती न ठेवता खेड्यातल्या बसपर्यंत नेली. पोस्टाची बस गाडीची वाट बघत स्टेशनबाहेर उभी असते, आणि ती पोचते त्या गावात दोनशे घरंसुद्धा नसतात. मोठ्या शेजाऱ्याकडे होतं तेच. त्याने अर्ध्यावर सोडलं, लहान्याने तडीस नेलं.

आता आकडे. उशिराच्या माझ्या स्वतःच्या कहाण्या सांगत बसत नाही, प्रत्येकाकडे त्या असतात आणि सांगताना त्या लांबतात. २०२४ मध्ये डॉइच बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर होत्या. वेळेवर म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर, आणि जी गाडी रद्दच झाली ती या हिशोबात धरतच नाहीत. त्याच वर्षी एसबीबीच्या ९३ टक्क्यांहून जास्त प्रवासी गाड्या वेळेवर होत्या, आणि तिथे वेळेवर म्हणजे तीन मिनिटांपेक्षा कमी उशीर. माझी स्विस सहकारी एकदा बैठकीला आली ती माफी मागतच: गाडी चार मिनिटं उशिरा आली म्हणे. फ्रायबुर्गकडचे आम्ही तिघे एकमेकांकडे बघत राहिलो.

जर्मनीतून येणाऱ्या गाडीला फार उशीर झाला तर स्विस लोक तिला पुढे घेतच नाहीत. बाझलमध्येच थांबवतात आणि पुढच्या प्रवाशांसाठी आपली गाडी सोडतात. आपल्या सगळ्या गाठी एका पाहुण्यासाठी विस्कटू द्यायच्या नाहीत. उद्धट वाटतं का? जर्मन वृत्तपत्रांतून याबद्दल कधी लाज, कधी राग वाचायला मिळतो. मला विचाराल तर झुरिकला चाललेल्या हजार माणसांच्या दृष्टीने हे सभ्यच आहे.

फ्रायबुर्गमध्ये याबद्दल बोललं की समोरून हमखास एकच उत्तर येतं: ‘अगं, तो देश केवढासा! नव्वद लाख माणसं. आपण साडेआठ कोटींच्या आसपास.’ नवराही हेच म्हणतो, आणि तो रेल्वेने जातही नाही. लहान असणं सोयीचं आहे, मान्य. पण लहान जागेत जास्त गाड्या कोंबणं सोयीचं नाही. जगातल्या सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या लोहमार्गांत स्विस मार्गांची गणना होते, आणि त्यांच्या वाटेत आल्प्स आहेत. सपाट जमिनीवर जे जमत नाही त्याला आकारमानाचं कारण देणं मला तरी पटत नाही.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण माझ्या घराशेजारून जातं. कार्ल्सरूह ते बाझल हा मार्ग चौपदरी करण्याचं जर्मनीने १९९६ मध्ये लुगानोच्या करारात स्वित्झर्लंडला कबूल केलं. रॉटरडॅमच्या बंदरातून इटलीकडे जाणारी मालवाहतूक याच वाटेने जाते. ठरलं असं की स्विसांनी आल्प्सखालून बोगदे खणायचे आणि जर्मनीने मैदानातून जोडरस्ता द्यायचा. स्विसांनी १९९२ च्या सार्वमतात मंजूर झालेला गोटहार्डचा पायथ्याचा बोगदा, ५७ किलोमीटर, जगातला सर्वात लांब रेल्वे बोगदा, १ जून २०१६ ला उघडला. पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट २०१७ ला, जर्मन बाजूला रास्टाट इथे नव्या बोगद्याचं काम चालू असताना वरच्या जुन्या रुळांखालची जमीन खचली. खणणारं यंत्र काँक्रीटमध्ये पुरून टाकावं लागलं आणि मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. चौपदरीकरण अजून पुरं झालेलं नाही आणि २०४० च्या आत होणारही नाही. तोवर मुलगी इथे राहिली तर नोकरीला लागलेली असेल.

म्युनिक ते लिंडाऊ हा मार्ग तर याहून बोलका आहे. तो जर्मनीतच आहे, पण झुरिकची गाडी त्यावरून जाते, आणि कित्येक वर्षं तिथे विजेच्या तारा नव्हत्या. मध्येच डिझेलचं इंजिन जोडावं लागायचं. शेवटी स्वित्झर्लंडने ५ कोटी युरो आगाऊ दिले. २०२० च्या डिसेंबरात तिथे विजेची गाडी धावली. शेजाऱ्याच्या घरातली वायरिंग करायला आपण उसने पैसे द्यायचे, असा हा प्रकार.

मग पैशाचाच प्रश्न आहे का? बऱ्याच अंशी हो, पण फक्त किती याचा नाही. २०२३ मध्ये सरकारने रेल्वेच्या बांधकामावर माणशी खर्च केला तो स्वित्झर्लंडमध्ये ४७७ युरो, जर्मनीत ११५ युरो. हा फरक मोठा आहेच. त्याहून मोठा फरक पैसे येतात कुठून आणि कधी यात आहे. स्विसांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये पुन्हा सार्वमत घेऊन रेल्वेचा एक कायमचा निधी तयार केला. तो २०१६ पासून चालू आहे. अवजड ट्रकांवर २००१ पासून जी फी बसते तिचा बराच भाग त्यात जातो, शिवाय विक्रीकराचा एक तुकडा, प्रांतांचा वाटा. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी रेल्वेमंत्र्याला अर्थमंत्र्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. वीस वर्षांचा बोगदा खणायचा तर पैसाही वीस वर्षं दिसला पाहिजे.

आणि इथे मला जर्मनीचा खरोखर राग येतो. शेजाऱ्याकडून शिकायचंच नाही असं या देशाने ठरवलेलं नाही. एक गोष्ट त्याने शिकली आहे, आणि मनापासून शिकली आहे. स्विसांनी २००१ मध्ये सुमारे ८५ टक्के मतांनी सरकारी कर्जाला राज्यघटनेत लगाम घातला. २००९ मध्ये जर्मनीने तोच नमुना समोर ठेवून आपल्या घटनेत कर्जाचा लगाम आणला. लगाम घेतला. पण स्विसांकडे त्या लगामाच्या जोडीला घोड्याच्या चाऱ्याची वेगळी सोय होती, ती घ्यायची राहिली. पुढची वर्षं मोठ्या कौतुकाने हिशोब जुळवण्यात गेली आणि पूल, सिग्नल, रूळ जुने होत गेले. १९९४ मध्ये डॉइच बान ही भागभांडवली कंपनी झाली, तिचे समभाग बाजारात विकायचे होते. २००८ च्या मंदीत तो बेत बारगळला. दरम्यान खर्च कमी दिसावा म्हणून रूळ बदलायचे सांधे जवळपास निम्मे काढून टाकले गेले. सांधा नाही म्हणजे बिघडलेल्या गाडीला मागची गाडी ओलांडू शकत नाही. कागदावर बचत, फलाटावर गर्दी.

जर्मनीनेही आता स्विस धर्तीवरचं वेळापत्रक आखलं आहे, डॉइचलंड-टाक्ट या नावाचं. आधी २०३० म्हणत होते. २०२३ मध्ये सरकारकडूनच २०७० हे साल ऐकायला मिळालं. मी ते दोनदा वाचलं, छपाईची चूक असेल म्हणून. २०२५ मध्ये पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा खास निधी मंजूर झाला, त्यातला काही भाग रेल्वेला आहे. चांगलंच आहे. पण तो बारा वर्षांचा आहे, आणि त्यातून नेमक्या कोणत्या मिनिटाला कोणती गाडी कुठे पोचणार, हे आधी ठरवल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

एवढं कौतुक केल्यावर स्विस सेवेतलं न आवडलेलंही सांगते. महाग आहे. निम्म्या भाड्यातही महाग. सगळ्या देशात कितीही फिरा असं वार्षिक तिकीट दुसऱ्या वर्गाचं ३,९९५ फ्रँकला मिळतं. जर्मनीचं सगळ्या स्थानिक गाड्यांचं तिकीट मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोंना सुरू झालं आणि वाढून वाढून ६३ वर आलं, तरी त्याच्या जवळपासही जात नाही. गरीब घरातल्या विद्यार्थ्याला विचारलं तर तो जर्मनीला जास्त गुण देईल, आणि त्याचं चूक म्हणणार नाही मी. शिकायचं तर स्विसांनीही इकडून हे शिकावं. दुसरं, २०१० मध्ये मागवलेल्या नव्या दुमजली गाड्या वळणावर आपोआप कलणार होत्या, ते तंत्र २०२२ मध्ये सोडून द्यावं लागलं. त्या गाड्या हलतात, कॉफीचा कप हातात धरूनच बसावं लागतं. तिसरं, पुढच्या विस्ताराच्या खर्चात आणखी १४ अब्ज फ्रँकांची भर पडणार असं सरकारने २०२४ मध्ये सांगितलं. म्हणजे अंदाज त्यांचेही चुकतात. आणि उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळी डोंगराकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळाली तर स्वतःला भाग्यवान समजा.

लोझानच्या एका संस्थेकडून स्पर्धात्मक देशांची यादी दरवर्षी निघते. २०२५ मध्ये तीत स्वित्झर्लंड पहिलं होतं. लोझान स्वित्झर्लंडमध्येच आहे, हे आमच्या प्रयोगशाळेतला एक जर्मन सहकारी न चुकता आठवण करून देतो. यादीचं मला फारसं काही वाटत नाही. मला त्या देशाची ओळख पटली ती फलाटावरच्या घड्याळात. हान्स हिल्फिकर या अभियंत्याने १९४४ मध्ये काढलेला तो नमुना. लाल सेकंदकाटा नंतर आला. तो काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि वर जाऊन थांबतो. देशभरच्या घड्याळांना दर मिनिटाला एक इशारा येतो, तो आला की सगळी घड्याळं एकदम पुढे सरकतात. मुलगी त्याला ‘दम खाणारं घड्याळ’ म्हणते. एकेका घड्याळाने थोडी घाई करायची आणि मग बाकीच्यांसाठी थांबायचं. बर्नला गाड्या करतात तेच.

कार्ड कोणी घ्यावं: सीमेजवळ राहणाऱ्यांनी, महिन्यातून एकदा तरी तिकडे जाणाऱ्यांनी, आणि लांबच्या पाहुण्यांना घेऊन आठवडाभर डोंगर-तळी फिरवणाऱ्यांनी. परदेशातल्या पत्त्यावरही मिळतं. एक लक्षात ठेवा, मुदत संपायच्या आधी तुम्ही कळवलं नाही तर कार्डाचं आपोआप नूतनीकरण होतं आणि पैसे लागतात. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला तो हलणाऱ्या डब्यांचा आणि कॉफीच्या दराचा मिळून.

माझं ऑक्टोबरमध्ये संपतंय. रद्द करायची आठवण मी पहिल्या वर्षी फोनमध्ये लावून ठेवली होती. दुसऱ्या वर्षी ती काढून टाकली.